ब्रेक पॅड आणि डिस्क: रस्त्यासाठी कोणते, ट्रॅकसाठी कोणते

सेलू तालुक्यातल्या वालूरला बाहेरची माणसं येतात ती गोल वळत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव बघायला. गाड्यांच्या शौकासाठी या गावाचं नाव कुणी घेत नाही. पण परभणी जिल्ह्यातल्या गावोगावची पोरं आज वाळूज, चाकण, पुण्यात नोकरीला आहेत. हातात बऱ्यापैकी ताकदीची कार किंवा मोटारसायकल आलेली आहे. जालन्याला समृद्धी महामार्गावर चढलं की कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पुण्याजवळचा नाणोलीचा ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक अशा ठिकाणी स्वतःची गाडी पळवायची हौसही वाढते आहे. मग सणासुदीला गावी आलेल्या मंडळींत विषय निघतोच: पॅड कोणते टाकायचे, भोकं पाडलेली डिस्क घ्यायची का, आणि मोठी डिस्क बसवली तर गाडी लवकर थांबेल का.

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यावरच वाया जातात. गाडी शेवटी थांबते ती टायरच्या पकडीने. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर तुमची चाकं लॉक होत असतील, किंवा एबीएस सुरू होऊन पेडल पायाखाली धडधडत असेल, तर तुमचे ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा जोरदार आहेतच. अशा गाडीला कितीही महागडे ब्रेक बसवले तरी एका वेळच्या ब्रेकिंगमध्ये अंतर फारसं कमी होणार नाही. ते कमी करायचं असेल तर चांगले टायर घ्या आणि हवा बरोबर ठेवा. ताशी ८० च्या वेगाने चाललेली कार चांगल्या कोरड्या रस्त्यावर, ब्रेक पूर्ण लागल्यापासून, ढोबळमानाने ३५ मीटरच्या पुढेमागे थांबते. वेग १२० असेल तर तेच अंतर ८० मीटरवर जातं. त्यात ड्रायव्हरचं लक्ष जाऊन पाय पेडलवर पडेपर्यंतचा एखादा सेकंद धरा, म्हणजे आणखी ३३ मीटर. पॅडचा कोणताही ब्रँड हे गणित पुसू शकत नाही.

मग चांगले पॅड आणि डिस्क घ्यायचे कशासाठी? तर दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वेळीही ब्रेक पहिल्यासारखे लागावेत यासाठी. ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतात आणि ती उष्णता डिस्कमध्ये साठते. माणसांसकट १२०० किलोची कार १०० वरून पूर्ण थांबवली की साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा डिस्क-पॅडना गिळावी लागते. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर येतो असं धरलं आणि एक डिस्क पाच किलोची धरली, तर एका थांबण्यात ती साठ-सत्तर अंशांनी तापते. वालूर ते सेलू रस्त्यावर ही उष्णता पुढच्या ब्रेकपर्यंत हवेत विरून जाते. ट्रॅकवर मात्र एक वळण संपलं की पुढचं वळण काही सेकंदांत येतं. तिथे डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही आणि दोन-तीन फेऱ्यांत तापमान चारशे-पाचशे अंशांच्या पुढे जातं.

घाटाचं गणित वेगळं, आणि आपल्याकडच्या बहुतेकांना ट्रॅकपेक्षा तेच जास्त लागू पडतं. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी पाचशे मीटरहून अधिक खाली येते. तेवढी उंची फक्त ब्रेकवर उतरायची म्हटलं तर तीच १२०० किलोची कार १०० वरून बारा-तेरा वेळा थांबवण्याइतकी उष्णता डिस्कवर येते. इथे महाग पॅडची गरज नाही, खालचा गिअर टाका. गाडी इंजिनवर धरून उतरायची, ब्रेक अधूनमधून ठाम दाबून सोडायचा. सतत पाय टेकवून उतरणाऱ्या गाडीच्या चाकातून येणारा जळका वास घाटात सगळ्यांनीच घेतला आहे. घराण्याच्या देवाला किंवा लग्नाला सात माणसं आणि सामान भरून निघालेल्या गाडीला हे दुप्पट लागू.

आता पायाने ओळखायची एक गोष्ट सांगतो, कारण अपग्रेडचा निर्णय इथेच व्हायला हवा. ब्रेक तापून कमी पडतात तेव्हा ते दोन तऱ्हांनी कमी पडतात. पेडल नेहमीसारखं घट्ट आहे, तुम्ही जीव खाऊन दाबता आहात आणि गाडी मात्र पुढे सरकतेच आहे, असं असेल तर पॅडचा मसाला, म्हणजे घर्षणाचा थर, त्याच्या सोसण्यापलीकडे तापला आहे. इथे पॅड बदलायला हवेत. पण पेडल मऊ पडत खाली खाली जात असेल, दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर येत असेल, तर दोष पॅडचा नाही. ब्रेक ऑइल उकळलं आहे. द्रव दाबला जात नाही म्हणून तर ब्रेक चालतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय बुडबुडे दाबतो आणि पिस्टन जागचा हलत नाही. ही दुसरी तऱ्हा जास्त भीतीदायक आहे. नवे पॅड टाकून ती सुटत नाही. उलट जास्त तापमानावर काम करणाऱ्या पॅडमुळे ऑइलकडे जास्त उष्णता जाऊ शकते.

म्हणून माझा आग्रह असा की कोणत्याही अपग्रेडचा पहिला रुपया ब्रेक ऑइलवर खर्च करा. आपल्या गाड्यांत चालणारं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. ताजं, कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर तीच हद्द १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. पाचसहा वर्षं न बदललेलं डॉट ४ घेऊन ट्रॅकवर जाणारा माणूस खरं तर ताज्या डॉट ३ पेक्षाही वाईट ऑइल घेऊन जातो. रस्त्यावरच्या गाडीचं ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ट्रॅकवर जाणार असाल तर जाण्याआधी पूर्ण बदलून हवा काढून घ्या. बाटली सीलबंद असावी. गॅरेजच्या फळीवर झाकण सैल ठेवून पडलेली अर्धी बाटली कितीही चांगल्या कंपनीची असली तरी नको. डॉट ५ हे नाव डॉट ५.१ सारखंच दिसतं, पण ते सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे. आपल्या गाडीत ते भरू नका आणि यात मिसळूही नका. इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल चुकून या टाकीत गेलं तर आतली रबरं फुगून सगळी यंत्रणाच बाद होते. ट्रॅक्टर आणि कार एकाच गॅरेजात दुरुस्त होतात तिथे ही चूक होऊ शकते, म्हणून ऑइल भरताना जवळ उभे राहा आणि बाटली वाचा.

पॅड घेण्याआधी चाक काढून कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, बघणंही तितकंच गरजेचं आहे. वालूरकडची काळी माती पावसाळ्यात चाकाच्या आत चिकटते, वाळली की विटेसारखी घट्ट होते आणि कॅलिपरच्या गाइड पिनच्या रबरांना फाडते. मग पिनला गंज धरतो, कॅलिपर सरकायचा थांबतो आणि पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच झिजत राहतो. अशा गाडीचे दोन पॅड हातात घेऊन शेजारी धरा: बाहेरच्या पॅडवर सहा-सात मिलिमीटर मसाला शाबूत दिसतो, आतल्या पॅडवर दोन मिलिमीटरही उरलेला नसतो आणि तोही एका टोकाला तिरका झिजलेला. मालकाने बाहेरून डोकावून बघितलेलं असतं, पॅड भरपूर आहे म्हणून तो निर्धास्त असतो. पिना मोकळ्या करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावलं, फाटकी रबरं बदलली, मागच्या ड्रमचे शू साफ करून ॲडजस्ट केले, की पुष्कळ गाड्यांचे ब्रेक कोणताही नवा पॅड न घेता सुधारतात. पेट्रोल पंपाचं साधं ग्रीस मात्र इथे लावू नका, ते रबर खातं. नव्या पॅडवर साधारण दहा-बारा मिलिमीटर मसाला असतो. रस्त्यावर तीन मिलिमीटर राहिला की बदलायचा. ट्रॅकवर अर्ध्याहून कमी राहिलेला पॅड घेऊन जायचं नाही, कारण पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही आणि ती सरळ ऑइलकडे जाते.

एवढं सगळं ठीक असूनही ब्रेक कमी पडत असतील, तर पॅड निवडायला बसू.

निवडीचा पहिला प्रश्न असा: तुमचा पॅड कोणत्या तापमानावर काम करणार आहे? घर्षणाचा मसाला ठराविक तापमानाच्या पट्ट्यातच नीट पकडतो. सेंद्रिय मसाल्याचे, म्हणजे ऑरगॅनिक पॅड, थंड असतानाच चांगले पकडतात, आवाज करत नाहीत, डिस्क खात नाहीत, पण लवकर तापून हात टेकतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये लोखंडाचा भुगा आणि तंतू मिसळलेले असतात. ते जास्त उष्णता सोसतात, पण काळी धूळ जास्त टाकतात, कधी करकरतात आणि डिस्क थोडी लवकर झिजवतात. सिरॅमिक म्हणून मिळणारे पॅड शांत आणि स्वच्छ असतात, रोजच्या शहरी वापराला उत्तम. मात्र नावात सिरॅमिक आहे म्हणून ते ट्रॅकचे झाले असं मुळीच नाही. शर्यतीचे पॅड या सगळ्यांपेक्षा निराळे. सहाशे-सातशे अंशांवरही ते पकड सोडत नाहीत, पण त्यातले बरेच दीडशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत.

हे शेवटचं वाक्य वालूरच्या माणसाने पक्कं लक्षात ठेवायला हवं. आपल्या रस्त्यावरचा धोका थंड ब्रेकवर येतो. ऊस तोडणीच्या दिवसांत रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, अचानक समोर उभा ठाकतो. बांधावरून सुटलेला गोऱ्हा रस्त्यावर येतो, शाळा सुटलेली पोरं धावत येतात. त्याआधी दहा किलोमीटर तुम्ही ब्रेकला पायही लावलेला नसतो. थंडीतल्या पहाटे डिस्क पंधरा-वीस अंशांवर असते. अशा वेळी पहिल्याच दाबाला पकडणारा पॅड हवा. शर्यतीचा पॅड तिथे कंपनीच्या पॅडपेक्षा उशिरा गाडी थांबवेल. ट्रॅकवर भाव खाणारा पॅड रोजच्या गाडीत बसवून फिरणं म्हणजे आपल्याबरोबर दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालणं आहे, यात मला जराही शंका नाही.

तेव्हा रोजचं जाणं-येणं आणि वर्षातून दोनचारदा समृद्धी किंवा घाट एवढाच वापर असेल, तर गाडीच्या कंपनीचे किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या नामांकित कारखान्याचे पॅड घ्या. भार घालून चालवता, डोंगरातून नेहमी जाता, गाडी जोरात चालवता, असं असेल तर चांगल्या ब्रँडचे ‘परफॉर्मन्स स्ट्रीट’ वर्गातले पॅड योग्य. ते थंडही पकडतात आणि साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत टिकतात. पहिल्या-दुसऱ्या ट्रॅक डेलाही हेच पॅड आणि ताजं ऑइल पुरतं, कारण नवशिका ड्रायव्हर सलग फार फेऱ्या तापवत नाही. खास ट्रॅकचे पॅड घेण्याची वेळ येते ती या पॅडचा दम संपतो हे पायाला स्वतः कळल्यावर.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला छापलेली अक्षरं वाचायला शिका. लांबलचक नंबरच्या शेवटी बहुधा दोन रोमन अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीएफ अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानावरच्या घर्षणांकाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई असं लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडतो, एफएफ आपली पकड धरून ठेवतो. आपल्या रस्त्याला एफएफ हा चांगला, भरवशाचा वर्ग आहे. मात्र ही चाचणी मसाल्याच्या छोट्या तुकड्यावर, सुमारे ३४० अंशांपर्यंतच होते. त्यामुळे ट्रॅकवर पाचशे अंशांना काय होईल हे ती अक्षरं सांगत नाहीत. त्यासाठी पॅडच्या कंपनीने दिलेला तापमानाचा आलेख बघावा लागतो. तो आलेख न देता नुसतं ‘रेसिंग’ लिहिलेला डबा दुकानात परत ठेवा. युरोपात विकल्या जाणाऱ्या पॅडवर वर्तुळातला ई आणि आर ९० अशी खूण असते. पॅडचं काम मूळ पॅडपेक्षा फार तर पंधरा टक्के वरखाली आहे, हे तपासल्यावरच ती मिळते. आयात पॅड घेत असाल तर रस्त्याच्या वापराला ही खूण मोलाची.

डुप्लिकेट मालाबद्दल बोलायलाच हवं, कारण तालुक्याच्या बाजारात खरा धोका हाच आहे. खोका हुबेहूब असतो, आतला मसाला कशाचा ते कुणालाच ठाऊक नसतं. चारही पॅडची जाडी सारखी आहे का, मसाला पाठीच्या पत्र्याला सलग चिकटला आहे का, कडेला नखाने ओढल्यावर तो भुसभुशीत निघतो का, बॅच नंबर आणि एमआरपी छापील आहे का, हे काउंटरवरच बघा. पक्कं बिल मागा. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्या दुकानातून ब्रेकचा माल घेऊ नका. अधिकृत डीलरकडचा पॅड थोडा महाग पडतो, पण परभणीला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन तो आणणं वाया जात नाही. आणि माल आपल्याच भागातला आहे हेही ध्यानात असू द्या. दुचाकीचे डिस्क ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी वाळूजचीच. इटलीच्या ब्रेम्बोचे लहान मोटारसायकलींसाठीचे ‘बायब्रे’ ब्रेक चाकणला तयार होतात. मराठवाड्यातल्या किती घरांतली मुलं या पट्ट्यात लाइनवर उभी राहतात! त्यांच्या हातून गेलेला खरा माल सोडून खोट्या खोक्यावर जीव टाकायचा, याचं वाईट वाटतं.

आता डिस्क. डिस्कचा इतिहास शर्यतीशी बांधलेला आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण ती खरी गाजली १९५३ मध्ये, जेव्हा डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ड्रम तापले की फुगून शूपासून दूर जातात. डिस्क तापल्यावर पॅडकडेच जाड होते आणि उघड्यावर असल्याने लवकर निवतेही. आजही रस्त्याच्या गाडीला उत्तम डिस्क म्हणजे साध्या ओतीव लोखंडाची, दोन पाट्यांमध्ये हवेच्या खाचा असलेली, सपाट चेहऱ्याची डिस्क. तिच्यात लोखंड जास्त, म्हणजे उष्णता साठवायची जागा जास्त.

भोकं पाडलेली डिस्क दिसायला झकास. पण कारमध्ये त्या भोकांनी लोखंड कमी होतं, आणि ट्रॅकवरच्या उष्णतेत भोकांच्या कडेपासून तडे निघतात. जुन्या मसाल्यातून वायू सुटत असे तेव्हा भोकांना अर्थ होता. आजचे पॅड तेवढा वायू सोडत नाहीत. पावसात पाणी झटकायला भोकं थोडी मदत करतात आणि मोटारसायकलच्या पातळ, हलक्या डिस्कला ती शोभतात तशी चालतातही. कारला खरंच ट्रॅकवर न्यायचं असेल तर तिरप्या चिरा कोरलेली, म्हणजे स्लॉटेड डिस्क बरी: ती पॅडचा चेहरा घासून ताजा ठेवते आणि तडे कमी जातात. त्या बदल्यात पॅड लवकर झिजतात आणि थोडा घरघर आवाज येतो. चिखलाच्या रस्त्यावर चिरांत आणि भोकांत माती अडकते, ती गाडी धुताना काढावी लागते. रोज वालूर-सेलू करणाऱ्या गाडीला मी या दोन्हींपैकी काहीच सुचवणार नाही. दोन तुकड्यांची, ॲल्युमिनियमच्या टोपीची डिस्क नियमित ट्रॅकवाल्यांसाठी आहे.

मोठ्या व्यासाच्या डिस्कचा मोह सगळ्यात महाग पडतो. पुढची डिस्क मोठी केली की पुढच्या चाकांचा ब्रेक प्रमाणाबाहेर वाढतो, मागचा वाटा घटतो, आणि कंपनीने त्या गाडीच्या वजनासाठी जुळवलेल्या एबीएसचं गणित बिघडतं. रिममध्ये जागा नसते म्हणून चाकं बदलावी लागतात, चाकं जड होतात. शिवाय कायद्याचा भाग आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ मापाची चांगली डिस्क, चांगले पॅड, ताजं ऑइल आणि जुन्या गाडीत नव्या ब्रेक नळ्या एवढ्यावर थांबलात तर या भानगडीत पडायची वेळ येत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर राहतो त्या आपल्या जिल्ह्यात रबरी नळ्यांना तडे जातात. त्या वाकवून बघितल्याशिवाय दुसरं काही विकत घेऊ नका.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की गॅरेजमध्ये लगेच ‘डिस्क वाकली’ असं सांगतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तापलेला पॅड एका जागी दाबून धरल्याने मसाल्याचा थर डिस्कवर कमीजास्त चिकटलेला असतो, किंवा हबवर गंजाची पापडी राहिल्याने डिस्क केसभर तिरकी बसलेली असते. नवी डिस्क लावताना हब तारेच्या ब्रशने घासून लख्ख करा, डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोर, ठरलेल्या जोराने आवळा. पाना आणि पाय लावून आवळलेले नट डिस्क खरोखर वाकवतात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून घेऊ नका, भंगारात द्या. पॅड आणि डिस्क नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदमच बदला.

नवे पॅड बसले म्हणजे काम संपलं असं नाही, ते रुळवून घ्यावे लागतात. सकाळी रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ६० च्या वेगाने जाऊन ठाम ब्रेक दाबत २० पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा करा. पहिल्या काही वेळा पकड कमी वाटेल, मग वाढत जाईल, थोडा वासही येईल. नंतर दहा मिनिटं ब्रेकला जवळजवळ हात न लावता गाडी चालवून थंड होऊ द्या. यात पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि पुढची पकड त्यावर अवलंबून असते. हे न करता नवे पॅड घेऊन सरळ घाटात किंवा ट्रॅकवर गेलात तर आतला ओलसर चिकटा एकदम जळतो आणि ऐन वेळी ब्रेक घसरतो. बाजाराच्या दिवशी, गर्दीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका, आणि मागून कुणी येत नाही हे आरशात बघूनच ब्रेक दाबा.

मोटारसायकलवाल्यांसाठी थोडं वेगळं. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस आहेच. पावसाळ्यात ओली डिस्क पहिल्या क्षणी घसरते, तिथे धातूची भुकटी दाबून, भाजून केलेले सिंटर्ड पॅड ऑरगॅनिकपेक्षा लवकर पकडतात आणि जास्त तापमानही सोसतात. पण डिस्क सिंटर्डला चालणारी आहे ना, हे सर्व्हिस पुस्तिकेत बघा. मऊ डिस्क ते लवकर खातात. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा दाबायची सवय अजून गावोगाव आहे. ती सोडल्याशिवाय कोणताही पॅड उपयोगाचा नाही.

ट्रॅकवर निघालात तर घरून निघताना पॅडची जाडी, ऑइल आणि टायर तपासा, एक जोड पॅड आणि सीलबंद ऑइलची बाटली बरोबर घ्या. विम्याची पॉलिसी वाचा: संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात वगळलेली असते, तिथलं नुकसान तुमचंच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हाच आहे. ट्रॅकवर ब्रेक उशिरा पण सरळ रेषेत, जोरात आणि थोडा वेळ दाबायचा. लांबवर हलका दाबत राहिलं की डिस्क उगाच भाजते. पेडल मऊ वाटलं की त्याच फेरीत हात वर करून बाहेर या. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू फिरा. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका आणि पेडलवर पाय ठेवू नका, नाहीतर तापलेला पॅड डिस्कला चिकटून ठसा सोडतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला उटी लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी मारणं म्हणजे तापल्या तव्यावर पाणी मारण्यासारखं, तडा जाणारच.

ट्रॅकचे वेगळे पॅड वापरणारे असाल तर शक्यतो रस्त्याचे आणि ट्रॅकचे पॅड एकाच कंपनीच्या जुळणाऱ्या मसाल्यांचे घ्या, किंवा ट्रॅकसाठी डिस्कचाही दुसरा जोड ठेवा. एका मसाल्याच्या थरावर दुसरा मसाला घासला की पकड अनियमित होते. दोन्ही वेळा पॅड पिटमध्येच बदला. पॅड बदलल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत जागेवरच पंप करा, मगच गाडी हलवा, नाहीतर पहिल्या दाबाला पेडल रिकामं जातं. रस्त्याचे पॅड बसवून काही किलोमीटर सांभाळून चालवा. घरी पोहोचल्यावर, चाकं पूर्ण निवल्यावर, नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि डिस्कच्या दोन्ही तोंडांवर बोट फिरवून, उजेडात धरून, केसासारखा तडा कुठे दिसतो का ते बघा. तडा डिस्कच्या बाहेरच्या काठापर्यंत किंवा आतल्या टोपीपर्यंत पोचला असेल, तर ती गाडी नवी डिस्क बसेपर्यंत जागेवरून हलवू नका.